द व्हेरी हंग्री कॅटरपिलर: भोकं पाडलेलं पुस्तक, घ्यावं की नाही?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर हो, घ्या. पण जाड पुठ्ठ्याच्या पानांचं बोर्ड बुकच घ्या, तळहाताएवढं नको, चांगलं मोठं घ्या, आणि घरी आल्या आल्या पोराच्या हातात द्या. बाकी खाली मी बरंच पाल्हाळ लावणारे, ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

मी रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये लहान मुलांना पुस्तकं वाचून दाखवते. दोन ते सहा वर्षांची पोरं, खाली सतरंजी, कोणाच्या हातात अजून दुधाचा कप, कोणी झोपेतून उठून तसंच आलेलं, कोणाला आजी सोडायला आली ती स्वतःच बसून राहिलेली. फी वगैरे काही नाही, मला आवडतं म्हणून करते. त्यात आजवर कितीतरी पुस्तकं आली नि गेली, काही मला जाम आवडलेली पण पोरांनी दुसऱ्याच पानाला जांभया द्यायला सुरुवात केली, काही मला अगदीच बाळबोध वाटलेली आणि त्यांनी ती डोक्यावर घेतली, त्यामुळे आपल्याला काय आवडतं यावरून अंदाज बांधायचं मी सोडून दिलंय. पण एक पुस्तक असं की पिशवीतून नुसतं बाहेर काढलं तरी मागची पोरं ढुंगणावर सरकत सरकत पुढे येतात. ते म्हणजे एरिक कार्ल या अमेरिकन चित्रकाराचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर'. १९६९ सालचं आहे, म्हणजे ते बघणाऱ्या पोरांच्या आज्यांच्या वयाचं! साठाहून जास्त भाषांत गेलंय, जगभरात पाच कोटींच्या वर प्रती खपल्यात, तेव्हा मी काही नवीन शोध लावलाय अशातला भाग नाही. पण आपल्याकडे बरेच जण ते विकत घेतात, दोन-तीनदा वाचतात आणि मग म्हणतात की यात एवढं काय आहे हो, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. चांदण्या रात्री पानावर एक अंडं, रविवारी सकाळी ऊन आलं की त्यातून इवलीशी अळी बाहेर येते आणि निघते खायला शोधत. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन प्लम, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी पाच संत्री, आणि रोज खाऊन झाल्यावर पुन्हा तेच, पोट काही भरलं नाही! शनिवारी तर बाईसाहेब सुटतातच. चॉकलेट केक, आइस्क्रीमचा कोन, काकडीचं लोणचं, चीज, सलामी, लॉलीपॉप, चेरी पाय (आत चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ), सॉसेज, कपकेक आणि वर कलिंगडाची फोड. रात्री पोटात दुखतं, दुखणारच. दुसऱ्या दिवशी रविवारी एक हिरवं पान खाल्लं की बरं वाटतं. आता ती लहान राहिलेली नसते, चांगली गलेलठ्ठ झालेली असते, मग स्वतःभोवती घर बांधते, त्यात दोन आठवड्यांहून जास्त दिवस बसते आणि शेवटच्या पानावर दोन्ही पानं भरून फुलपाखरू. संपलं. इंग्रजी मजकूर सगळा मिळून सव्वादोनशे शब्दांच्या आसपास. गोष्ट फोडली म्हणून रागावू नका, तीन वर्षांच्या माणसाला शेवट माहीत असलेलीच गोष्ट हवी असते.

मग आहे काय त्यात? भोकं आहेत. प्रत्येक फळाला आरपार गोल भोक आहे, छापलेलं नाही, खरं भोक. आणि पानं एका मापाची नाहीत. सोमवारचं पान म्हणजे नुसती अरुंद पट्टी, मंगळवारचं जरा रुंद, असं करत करत शुक्रवारी पाच संत्र्यांचं पान बऱ्यापैकी रुंद होतं, त्यामुळे पुस्तक उघडलं की पाची दिवसांची फळं पायऱ्या पायऱ्यांनी एकदम दिसतात. पान उलटलं की अळी मागच्या बाजूने बाहेर आलेली. आता हे वाचून तुम्हाला वाटेल, बरं मग? पण एखाद्या दोन वर्षांच्या पोरीला मांडीवर घेऊन हे पुस्तक उघडा. तिला सोमवार कळत नाही, सफरचंद कळतं पण त्यात तिला विशेष काही वाटत नाही, भोक दिसलं की मात्र बोट आत. तुम्ही काही सांगायच्या आधी. बोट पलीकडून बाहेर आलं की ती पान उलटून आपलं बोट कुठे गेलं ते बघते, आणि झालं, ती स्वतःच अळी झाली, आता पुढचं पुस्तक ती वाचणार, तुम्ही फक्त आवाज द्यायचा.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की हे पुस्तक बोटाने वाचायचंय, आणि म्हणून ते कुठलं घेताय आणि कसं वापरताय यावर सगळं अवलंबून आहे.

क्लबहाऊसमध्ये मी किती तऱ्हा बघितल्यात. एक मुलगा आहे तो फक्त करंगळी घालतो, बाकीची बोटं जाड आहेत म्हणे, अळीला लागेल. एक जण भोकाला डोळा लावून पलीकडून बाकीच्यांना बघत बसतो आणि त्याला सगळं पुस्तक म्हणजे दुर्बीण वाटते. एक पोर भोकातून फुंकर मारते. एक धाकटी आहे तिचा गोष्टीशी काही संबंधच नाही, तिला सोमवारची ती अरुंद पट्टी इकडून तिकडे, तिकडून इकडे करायची असते, तेवढंच, आणि तेवढ्यात तिची सकाळ मस्त जाते, आपण मध्ये पडायचं नाही. शनिवारच्या पानाला मात्र सगळे एकदम तुटून पडतात, दहा पदार्थ ओळीने मांडलेत आणि प्रत्येकाला भोक, त्यामुळे कोणी कुठला पदार्थ 'खायचा' यावरून मारामाऱ्या होतात. चॉकलेट केक कोणाचा हे आधी ठरवून घ्या असा माझा अनुभवाचा सल्ला आहे. आणि 'पोट काही भरलं नाही' ही ओळ मी आता म्हणतच नाही, मी नुसती थांबते आणि मान वर करते, सगळी बेंबीच्या देठापासून ओरडतात, बाहेर वॉचमनकाकांना पण पाठ झालीय ती.

वाचते मी मराठीतच. पुस्तक इंग्रजी आहे पण मजकूर एवढा कमी की आयत्या वेळी आपल्या भाषेत सांगायला काही त्रास नाही, आणि दोन वर्षांच्या पोराला इंग्रजी यावं म्हणून हे पुस्तक घेणार असाल तर प्लीज नका घेऊ, त्यासाठी बाकी ढीगभर पडलंय बाजारात. कोकणात आजोळ असलेला एक मुलगा त्याच्या आजीकडून मालवणीत ऐकतो हे पुस्तक, आणि त्याची आजी म्हणे ओळीगणिक अळीला शिव्या घालते. मला ती आवृत्ती एकदा ऐकायचीय.

ही भोकांची भानगड आली कुठून ते पण सांगते, मजेशीर आहे. कार्ल आजोबा (पोरं त्यांना आजोबाच म्हणतात, मागच्या फोटोत पांढरी दाढी आहे) एकदा पंचिंग मशीनने कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडत बसले होते, ती बघून त्यांना वाटलं, हे तर किड्याने पुस्तक पोखरल्यागत दिसतंय. म्हणून मूळ कल्पनेत नायक होता विली नावाचा किडा, आणि तो आठवडाभर खात सुटतो. त्यांच्या संपादक अ‍ॅन बेनेड्यूस यांना तो किडा काही पसंत पडेना, त्यांनी सुचवलं की अळी घेऊ या का, आणि कार्ल लगेच म्हणाले, फुलपाखरू! झालं पुस्तक. पण छापायचं कोणी? एवढी भोकं, लहानमोठी पानं, हे परवडेल अशा खर्चात करून द्यायला अमेरिकेत छापखाना मिळेना, शेवटी बेनेड्यूसबाईंनी ते जपानमध्ये छापून घेतलं. म्हणजे बघा, एवढा सगळा खटाटोप झालाय तो त्या भोकांसाठी. आणि आपल्याकडे लोक काय करतात, तर पीडीएफ डाउनलोड करतात आणि मोबाइलवर पोराला दाखवतात. किंवा प्रिंट काढतात. एका प्लेग्रुपमध्ये मी बघितलं, रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट केलेली, भोकांच्या जागी काळे ठिपके आलेले, आणि बाई विचारतायत, हाउ मेनी ॲपल्स? पोरं बिचारी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत बसलेली. रस्सा न घेता मिसळ खाण्यातला प्रकार आहे हा! व्हिडिओचं पण तेच, व्हिडिओ छान असतील, मला त्यांच्याशी भांडण नाही, पण त्यात बोट घालता येत नाही.

म्हणून आता आवृत्त्यांबद्दल. आपल्याकडे बहुतेक पफिन या प्रकाशनाची मिळते. साधी कागदी पेपरबॅक आहे, जाड पुठ्ठ्याचं बोर्ड बुक आहे, आणि त्या बोर्ड बुकचं एक छोटंसं पिल्लू पण आहे. पेपरबॅक स्वस्त पडते आणि चित्रं मोठी दिसतात, पण त्या अरुंद पट्ट्या कागदाच्या, दोन-तीन वर्षांच्या पोरापुढे त्यांचं आयुष्य फार नाही, सोमवार सगळ्यात आधी जातो. तुम्ही स्वतः हातात धरून गटाला दाखवणार असाल तरच ती घ्या. छोटं बोर्ड बुक आमच्याकडे गिफ्ट म्हणून आलं होतं, दिसायला गोड, पण भोकं एवढी बारीक की बोटाचं टोकच जेमतेम शिरतं, आणि शनिवारचे पदार्थ तर बघायला चष्मा लागावा. ते प्रवासात पर्समध्ये टाकायला ठीक. मधलं जे मोठं बोर्ड बुक आहे ते घ्या. मी घेतलं तेव्हा चारशेच्या आसपास पडलं, ऑनलाइन डिस्काउंट कमीजास्त होत असतं. ऑनलाइन घेताना नुसता फोटो बघून ऑर्डर करू नका, खाली सेंटीमीटरमध्ये माप दिलेलं असतं ते बघा आणि 'बोर्ड बुक' लिहिलंय ना ते बघा, कारण फोटोत सगळी सारखीच दिसतात. आणि खूपच स्वस्त दिसलं तर संशय घ्या, नकली प्रतींमध्ये भोकं वेडीवाकडी पाडलेली असतात, फळाच्या मधोमध असायच्या ऐवजी कडेला, आणि रंग मळकट.

चारशे रुपये पुस्तकाला जास्त वाटतात हे मला मान्य आहे. ज्यांना वाटतात त्यांनी वाचनालयातून आणावं किंवा दोन-तीन घरांत मिळून घ्यावं, हे पुस्तक फिरवण्यासारखं आहे. नुसत्या मराठी गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीत भरपूर आहेत आणि फुकट आहेत, पण तो वेगळा विषय झाला.

टिकतं किती? आमची प्रत बऱ्याच पोरांच्या हातून गेलीय, त्यातल्या काहींच्या तोंडातूनही. कोपरे चावलेत, शुक्रवारचं एक भोक कोणीतरी बोट आडवं करून मोठं केलंय, मणक्याला मी रुंद सेलोटेप लावलीय. ओल्या फडक्याने पुसता येतं, पण खसाखसा नाही, हलक्या हाताने. पट्ट्यांची पानं मणक्याजवळ पहिल्यांदा सुटायला लागतात, तिथे आधीच टेप लावून ठेवली तर बरं.

चित्रांबद्दल बोलायलाच हवं. कार्ल आधी पातळ टिश्यू पेपर रंगवून ठेवायचे, ब्रशचे फराटे, ठिपके, रेघा, काय वाट्टेल ते, आणि मग त्या रंगवलेल्या कागदातून आकार कापून चिकटवायचे. त्यामुळे हिरवी अळी जवळून बघितली तर नुसती हिरवी नसते, त्यात पोपटी, गडद, पिवळसर असे किती हिरवे आहेत. आणि मागे बहुतेक पानांवर सगळं पांढरं कोरं, घर नाही, झाडं नाहीत, डोंगर नाही, म्हणून लहान पोराची नजर भरकटत नाही. मी एकदा पोरांना वर्तमानपत्राच्या कागदावर पोस्टर कलरचे फराटे मारायला लावले, वाळल्यावर पुढच्या रविवारी त्याच्या अळ्या कापल्या. डिंक केसात जातो, आधीच सांगून ठेवते.

त्यांचं स्वतःचं बालपण वाचलं की ही चित्रं अजून वेगळी दिसायला लागतात. जन्म १९२९ चा, अमेरिकेत सिरॅक्यूजला. तिथल्या बालवाडीतले मोठे मोठे कागद आणि झगझगीत रंग त्यांना आयुष्यभर आठवत होते. सहा वर्षांचे असताना आईवडील त्यांना घेऊन परत जर्मनीला गेले, स्टुटगार्टला, आणि तिथे शाळेत छडी. मग युद्ध. वडील सैन्यात गेले आणि युद्ध संपल्यावरही दोनेक वर्षं रशियनांच्या कैदेत होते. हेच वडील त्यांना लहानपणी रानात फिरायला न्यायचे, दगड उचलून, झाडाची साल बाजूला करून खालचे किडेमुंग्या दाखवायचे आणि परत सगळं होतं तसं ठेवायचे. नाझींनी आधुनिक चित्रांवर बंदी घातलेली, त्या काळात शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी त्यांना घरी बोलावून लपवून ठेवलेली तसली चित्रं दाखवली. १९५२ मध्ये खिशात चाळीस डॉलर घेऊन न्यूयॉर्कला परत, मग न्यूयॉर्क टाइम्समध्ये नोकरी, मग जाहिराती, आणि एका जाहिरातीतला लाल लॉबस्टर बघून बिल मार्टिन ज्युनियर या लेखकाने त्यांना पुस्तकाची चित्रं काढायला बोलावलं, तिथून ते मुलांच्या पुस्तकांत आले. तोवर वय पस्तिशीच्या पुढे गेलेलं. २०२१ च्या मे महिन्यात गेले, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन.

ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर एक मुलाखत सगळीकडे फिरत होती, तुमच्यापैकी काहींना आली असेल, की शनिवारी अळीच्या पोटात दुखतं हे त्यांना मुळात नकोच होतं, प्रकाशकाने जबरदस्तीने घालायला लावलं, मुलांना हवं तेवढं खाऊ द्यावं वगैरे. वाचायला भारी होती, आणि खोटी होती. एका साहित्यिक त्रैमासिकाने काही वर्षांपूर्वी एप्रिल फूल म्हणून लिहिलेली गंमत होती ती, आणि मोठमोठ्या लोकांनी खरी समजून पुढे पाठवली. मी हे मुद्दाम सांगतेय कारण आमच्या ग्रुपवर अजून ती कोणीतरी टाकतं. पोटदुखीचा मात्र दुरुपयोग करणारे पालक मी बघितलेत, 'बघितलंस ना, चॉकलेट खाल्लं की काय होतं ते' असं म्हणून गोष्ट थांबवून भाषण. पोरगं लगेच बोट बाहेर काढतं. अहो, त्याला कळलंय की दुखतंय, चित्रात अळीचा चेहरा बघा ना कसा झालाय, तुम्ही कशाला मध्ये बोलताय!

तसंच ते वार आणि अंक. सोमवार ते रविवार आहेत, एक ते पाच आहेत, म्हणून लगेच तक्ते. एका ताईंनी मला विचारलं की यातून मुलाला वार किती दिवसांत पाठ होतील. होतील हो कधीतरी, नाही झाले तरी शाळेत होतीलच. मोजायला सांगितलं की ते फळं मोजतात आणि सांगितलं नाही की भोकं मोजतात, मला दुसरं जास्त आवडतं.

आता तक्रारी, कारण आहेत. पहिली म्हणजे खाणं. पेअर आणि प्लम निम्म्या पोरांनी बघितलेले नसतात, ते चालतं, चित्रावरून अंदाज घेतात, प्लमला कोणी जांभूळ म्हणतं कोणी आलुबुखार. पण सलामी आणि सॉसेजचं काय करायचं असं शाकाहारी घरातल्या आया विचारतात. मी सरळ नाव घेते आणि पुढे जाते, पोरं विचारत नाहीत, त्यांचं लक्ष केकवर असतं, पण तुम्हाला घरात नको असेल तर ते दोन पदार्थ पटकन उलटून जाण्यासारखे नाहीत, सगळे एकाच पसरट पानावर आहेत. आमच्याकडे यावर पोरांनीच तोडगा काढला, त्यांनी आपला शनिवार बनवला. कार्डशीटवर चित्रं काढली आणि मी पंचिंग मशीनने भोकं पाडून दिली. वडापाव, जिलबी, मोदक, थालीपीठ, उसाचा रस (रसाला भोक कसं पाडायचं यावर चर्चा झाली, ग्लासला पाडलं), चकली, पिझ्झा. पाणीपुरीला भोक पाडायला घेतलं तर एक जण म्हणाला, काकू, तिला आधीच असतं, तू नको पाडूस.

दुसरी तक्रार विज्ञानवाल्यांची, आणि ती बरोबर आहे. पुस्तकात अळी स्वतःभोवती कोश विणल्यासारखं घर बांधते आणि शेवटी त्याला कुरतडून बाहेर येते. रेशमाचा तसला कोश करतात ते बहुतेक पतंग. फुलपाखराची अळी शेवटची कात टाकते आणि खालून निघालेली कातडीच कडक होऊन तिचं घर बनतं, आणि फुलपाखराला कुरतडायला जबडेच नसतात, ते कवच फोडून बाहेर येतं. कार्लना हे लोकांनी विचारलं होतं, त्यांचं उत्तर असं की माझी अळी जरा वेगळी आहे, आणि मी लहानपणी बुजून बसलो की वडील म्हणायचे, एरिक, कोशातून बाहेर ये. मला उत्तर आवडलं, पण पोराला खरं काय ते सांगून टाकावं असं माझं मत आहे, त्याने गोष्टीचं काही बिघडत नाही.

आणि खरं दाखवायला लांब जायला नको. कढीपत्त्याची किंवा लिंबाची कुंडी असेल तर पावसाळ्यात रोज पानं उलटून बघा. आधी बारीक, काळीपांढरी, पक्षी शिटलाय असंच वाटेल अशी अळी दिसते, आणि मोठी झाली की हिरवीगार. बऱ्याच गृहिणी ती दिसली की लगेच झटकतात, कढीपत्ता बोडका करते म्हणून, करतेच ती, पण एक कुंडी द्या सोडून. आमच्या चिरंजीवांनी पुस्तक वाचल्यावर तिच्यापुढे सफरचंदाची फोड ठेवली, मग बिस्कीट, मग केकचा तुकडा. तिने ढुंकून बघितलं नाही. ती ज्या झाडावर जन्मते ते आणि त्याच्या नात्यातलं एखादं, बास, बाकी कशाला तोंड लावत नाही. रुईवर दिसणारी पट्ट्यापट्ट्यांची अळी वेगळी, तिला कढीपत्ता दिला तर ती उपाशी मरेल. चिरंजीव दोन दिवस नाराज होते, म्हणाले, पुस्तकातली खाते. मी म्हटलं, पुस्तकातली अमेरिकेची आहे. पटलं. तिने फांदीला स्वतःला बारीक दोऱ्याने बांधून घेतलं आणि हालचाल बंद केली तेव्हा मात्र आख्ख्या मजल्यावरची पोरं आमच्या बाल्कनीत, आणि पुस्तकात पान उलटलं की लगेच होतं ते इथे का होत नाही म्हणून वैतागलेली. बाय द वे, आपलं राज्य फुलपाखरू आहे माहितीये ना, ब्लू मॉरमॉन, आपण राणी पाकोळी म्हणतो ते. २०१५ मध्ये जाहीर झालं आणि असं राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. तिची अळी पण लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. हे मी पोरांना सांगितलं तेव्हापासून ते शेवटचं रंगीबेरंगी पान आलं की कोणीतरी 'राणी!' म्हणून ओरडतंच, चित्रातलं ते नसलं तरी.

वयाचं म्हणाल तर दीड-दोन वर्षांपासून पाचपर्यंत अगदी योग्य. दीडच्या आत द्यायला हरकत नाही पण ते चावण्यासाठी घेतलं असं समजा. सहा-सात वर्षांच्या मुलाला फक्त त्याच्यासाठी म्हणून घेऊ नका, 'हे बेबी बुक आहे' म्हणून बाजूला टाकेल, पण घरात किंवा शेजारी धाकटं कोणी असेल तर त्यालाच वाचून दाखवायला सांगा. आमच्याकडे पहिलीतला एक दादा आता अधूनमधून माझ्या खुर्चीत बसतो. इंग्रजी अजून नीट वाचता येत नाही, चित्रं बघून सांगतो, मंगळवार विसरतो, बुधवारी प्लमच्या जागी चिकू खाऊ घालतो, आणि शनिवारी केक कोणाचा यावर भांडण झालं की पुस्तक बंद करून मांडीवर ठेवतो आणि सगळे गप्प होईपर्यंत उघडत नाही. मला इतक्या दिवसांत जमलं नव्हतं ते.

मार्क द्यायचेच तर पाचपैकी साडेचार, अर्धा त्या मणक्याच्या टेपसाठी कापला. गिफ्ट द्यायचं असेल तर पहिल्या पानावर नाव घालताना स्केचपेन वापरू नका, चकचकीत पुठ्ठ्यावर ती पसरते आणि पोराच्या हाताला लागते, साधा बॉलपेन घ्या.